थर्ड शिफ्टची गोळी

रात्रपाळी करणाऱ्या माणसापुढे दोन प्रश्न असतात: रात्री जागं कसं राहायचं आणि दिवसा झोपायचं कसं. दुसरा प्रश्न खोलीचा, शेजाऱ्यांचा, पत्र्यावर तापणाऱ्या उन्हाचा आणि कंपनीच्या वेळापत्रकाचा असतो, म्हणून तो कुणीच अंगावर घेत नाही. पहिल्याचं उत्तर मात्र दहा गोळ्यांच्या पट्टीत बसतं. त्या गोळीचं नाव मोडाफिनिल.

हिच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एकांच्या मते ही ‘बुद्धीची गोळी’: झोप उडते, डोकं तल्लख चालतं, सवय लागत नाही. दुसऱ्यांच्या मते हे सरळ सरळ ड्रग. दोन्ही मतं बहुधा गोळीवर झालेले प्रयोग न वाचता बनलेली असतात. ते प्रयोग वाचण्यासारखे आहेत, आणि ते कुठे बसून वाचतो याने फरक पडतो. मी ते कुरुळीच्या संदर्भात वाचतो.

मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली, की पुणे-नाशिक रस्ता चिंबळी फाट्यावरून कुरुळीत शिरतो. खेड तालुक्यातलं हे गाव, पलीकडे चाकण, पश्चिमेला निघोजे आणि म्हाळुंगे. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९चा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे २००९चे. मोठ्या कंपन्यांच्या मागून त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो व्हेंडर आले आणि जिथे बाजरी-ज्वारी, कांदा होत असे त्या शिवारात शेड आणि भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली पोरं अशा खोल्यांमध्ये भागीत राहतात. एकजण फर्स्टला, एकजण सेकंडला, एकजण थर्डला. म्हणजे खोलीत चोवीस तास कुणीतरी झोपलेलं असतं आणि चोवीस तास कुणीतरी स्टोव्ह पेटवत असतं.

इथली खरी उत्तेजक द्रव्यं मेडिकलमध्ये नाहीत, टपरीवर आहेत. चहा आहे, वीस रुपयांची लाल एनर्जी ड्रिंकची बाटली आहे आणि तंबाखू आहे. गायछाप जर्दा याच रस्त्याने वर गेलं की लागणाऱ्या संगमनेरचा. निकोटिन हे उत्तेजक आहे हे आपण विसरतो, कारण तळहातावर चुना लावून मळली जाणारी वस्तू ‘औषध’ वाटत नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू खाणारे निघाले. मोडाफिनिलच्या धोक्यांवर चर्चा करताना हा आकडा शेजारी ठेवावा. तोंडाचा कॅन्सर करणारं एक जागरण-द्रव्य आपण आधीच पुडीत बांधून विकतो आहोत.

आता पट्टी हातात घेऊन बघा. पुढे ब्रँडचं नाव, खाली १०० किंवा २०० मिलिग्रॅम. मागे कडेला उभी लाल रेघ आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावी अशी सूचना, तीही बारीक इंग्रजी अक्षरांत. आत पांढरी, साधी गोळी. जगभर इंटरनेटवरून जे मोडाफिनिल मागवलं जातं त्यात मुंबईच्या सन फार्माच्या ‘मोडॅलर्ट’चं नाव फार पुढे आहे. त्यामागे इतिहास आहे. २००५ पर्यंत भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, त्यामुळे जी गोळी अमेरिकेत महाग होती तीच आपल्याकडे स्वस्तात बनत होती.

तिचा जन्म फ्रान्समधला. सत्तरच्या दशकात लाफों नावाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ॲड्राफिनिल नावाचं रसायन सापडलं. ते शरीरात गेल्यावर त्याचं जे रूपांतर होतं ते मोडाफिनिल. ल्यों शहरातले झोपेचे मोठे संशोधक मिशेल जूव्हे यांनी ते नार्कोलेप्सीच्या रुग्णांवर वापरून पाहिलं. या आजारात माणूस बोलता बोलता, जेवता जेवता झोपेत जातो. रात्रभर झोपूनही दिवसा झोपेचे झटके येतात. अशा रुग्णांना ही गोळी उपयोगी पडली. १९९४ मध्ये फ्रान्समध्ये आणि १९९८ च्या डिसेंबरात अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली.

इथपर्यंत सगळं रीतसर. पण नार्कोलेप्सीचे रुग्ण थोडे आणि रात्रपाळीवाले कोट्यवधी. अमेरिकेत ही गोळी विकणाऱ्या सेफॅलॉन कंपनीने मग घोरण्याच्या आजारात (स्लीप ॲप्नियात) दिवसा येणारी झोप आणि ‘शिफ्ट वर्क डिसऑर्डर’, म्हणजे पाळ्यांमुळे बिघडलेल्या झोपेचा विकार, यांसाठीही परवानगी मागितली आणि २००४ च्या जानेवारीत ती मिळवली. परवानगी नसलेल्या कारणांसाठी औषधांचा प्रचार केल्याबद्दल याच कंपनीने २००८ मध्ये अमेरिकी सरकारला ४२.५ कोटी डॉलर भरले. त्या औषधांत मोडाफिनिलही होतं. स्वस्त गोळी बाजारात येऊ नये म्हणून कंपनीने चार जेनेरिक कंपन्यांशी पैशाचे करार केले होते. त्या चारांत आपली रॅनबॅक्सीही होती. ते प्रकरण २०१५ मध्ये १२० कोटी डॉलरवर मिटलं. गोळीचा गुणदोष यावरून ठरत नाही, पण तिची कीर्ती कशी पसरली ते यावरून कळतं.

रात्रपाळीवाल्यांसाठीचा पुरावा म्हणून जो प्रयोग नेहमी पुढे केला जातो तो हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांचा. २००५ च्या ऑगस्टमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो छापून आला, खर्च सेफॅलॉनचा. पाळ्यांमुळे झोपेचा विकार जडलेले २०९ जण घेतले. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला प्रत्येक रात्रपाळीच्या आधी २०० मिलिग्रॅम मोडाफिनिल, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय दिलं ते घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. तीन महिने हे चाललं.

मोजमाप कसं केलं ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. रात्रपाळीच्या वेळीच माणसाला अंधाऱ्या खोलीत पलंगावर झोपवतात, डोक्याला तारा लावतात आणि ‘झोपायचा प्रयत्न कर’ म्हणतात. मेंदूच्या लहरींवरून तो कितव्या मिनिटाला झोपला ते कळतं. नीट झोप मिळालेला माणूस दिवसा अशा चाचणीत दहा मिनिटं किंवा अधिक घेतो. पाच मिनिटांच्या आत झोपणारा माणूस गंभीर झोपाळू धरतात. या प्रयोगातले लोक सुरुवातीला सरासरी दोन मिनिटांच्या आसपास झोपत होते. खोट्या गोळीवर त्यांचा वेळ ०.३ मिनिटाने वाढला. मोडाफिनिलवर १.७ मिनिटांनी.

संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक खरा आहे, नशिबाचा खेळ नाही. लक्ष उडण्याचे प्रसंग कमी झाले. घरी परतताना अपघात झाला किंवा होता होता वाचला असं सांगणारे खोट्या गोळीच्या गटात ५४ टक्के होते, मोडाफिनिलच्या गटात २९. म्हणजे गोळी काम करते. पण २ मिनिटांत १.७ मिळवले की किती होतात? चारच्या आत. गोळी खाऊनसुद्धा हे लोक ‘गंभीर झोपाळू’च्या रेषेखालीच राहिले. संशोधकांनीही हे लपवलेलं नाही: सुधारणा माफक आहे, झोप पुरती गेलेली नाही, याहून चांगल्या उपायांची गरज आहे, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. जाहिरातीत २९ आणि ५४ हे आकडे राहतात, पावणेचार मिनिटं गळतात.

त्याच प्रयोगातला आणखी एक आकडा मला बोलका वाटतो. ‘एकंदर बरं वाटतंय’ असा शेरा मोडाफिनिलच्या गटात ७४ टक्क्यांना मिळाला, पण खोट्या गोळीच्या गटातही ३६ टक्क्यांना मिळाला. औषध नसलेल्या गोळीनेही तिघांतल्या एकाहून जास्त जणांना फरक पडला. तेव्हा ‘मी घेतो, मला तर मस्त वाटतं’ हे मित्राचं वाक्य पुरावा म्हणून किती वजनाचं आहे, ते ओळखून घ्यावं.

बरं वाटणं आणि बरं असणं यांतली फट कारखान्यात फार महाग पडते. कॅनडाच्या सैन्यासाठी काम करणाऱ्या संशोधकांनी १९९७ मध्ये एक निष्कर्ष छापला: सलग जागवलेल्या लोकांना मोडाफिनिल दिलं, तेव्हा त्यांचं काम सुधारलं, पण आपण किती बरोबर करतोय याचा अंदाज चुकायला लागला. स्वतःच्या कामावर गरजेपेक्षा जास्त भरवसा वाटू लागला. आता हेच प्रेस शॉपमध्ये ठेवून बघा. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून. टार्गेट गाठायच्या नादात एक बटण बांधून ठेवलेलं किंवा सेन्सर बंद केलेला असेल, तर बोट आणि डाय यांच्यामध्ये उरतो तो फक्त कामगाराचा अंदाज. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत बोटं आणि हात गमावणाऱ्यांच्या नोंदी ‘सेफ इन इंडिया फाउंडेशन’ आपल्या ‘क्रश्ड’ अहवालांतून वर्षानुवर्षं मांडते आहे. हरियाणाबरोबर महाराष्ट्राचंही त्यात नाव आहे. झोपाळलेल्या माणसाला निदान आपण झोपाळलोय हे कळत असतं. अर्धवट जागा आणि पूर्ण निर्धास्त माणूस मला जास्त धोक्याचा वाटतो.

युरोपने या गोळीचा हिशेब पुन्हा मांडला. २०१० मध्ये युरोपियन औषध नियामक संस्थेने उपलब्ध माहिती तपासली आणि मोडाफिनिल फक्त नार्कोलेप्सीसाठीच द्यावं अशी शिफारस केली. पाळ्यांचा विकार आणि घोरण्याचा आजार ही कारणं काढून टाकली. त्वचेच्या गंभीर प्रतिक्रिया, मनोविकार, हृदय आणि रक्तदाबावरचा परिणाम हे धोके एका पारड्यात आणि रात्रपाळीतला माफक फायदा दुसऱ्यात; फायद्याचं पारडं हलकं ठरलं. अमेरिकेने मात्र रात्रपाळीची परवानगी कायम ठेवली, जरी तिथे ही गोळी चौथ्या वर्गातलं नियंत्रित द्रव्य आहे. एकाच माहितीवरून दोन नियामकांनी दोन निर्णय घेतले. मला युरोपचा पटतो. ज्याची प्राणाशी गाठ नाही अशा त्रासासाठी क्वचित का होईना पण जीवघेणा ठरू शकणारा धोका घ्यायचा, तर फायदा यापेक्षा मोठा हवा.

त्वचेचा धोका म्हणजे काय? स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. सुरुवात पुरळाने आणि तापाने होते, मग तोंड, डोळे, गुप्तांगाच्या अस्तराला फोड येतात, कातडी सुटू लागते. अत्यंत दुर्मिळ, पण मृत्यूपर्यंत नेणारा. लक्ष एकाग्र न होणाऱ्या मुलांसाठी ही गोळी आणायचा सेफॅलॉनचा प्रयत्न २००६ मध्ये अमेरिकेत फसला, तो प्रामुख्याने याच भीतीमुळे. असं पुरळ बहुतेक वेळा गोळी सुरू केल्यापासून एक ते पाच आठवड्यांत उठतं. गोळी चालू असताना अंगावर पुरळ दिसलं तर ती तिथेच बंद करायची आणि डॉक्टर गाठायचे. घामोळं आहे की काय म्हणून दोन दिवस थांबायचं नाही.

मनावरचा परिणाम दाखवणारी एक नोंद या गोळीच्या अधिकृत अमेरिकी माहितीपत्रकातच आहे. एका निरोगी स्वयंसेवकाला रोज ६०० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या तिप्पट मात्रा दिली आणि झोपूही दिलं नाही. लोक आपल्याच विषयी बोलताहेत असं त्याला वाटू लागलं, संशय आला, कानात आवाज येऊ लागले. गोळी थांबवल्यावर ३६ तासांनी हे काहीही उरलं नव्हतं. प्रयोगशाळेत त्याच्याभोवती डॉक्टर होते. ‘एकाने भागत नाही म्हणून दोन घेतल्या, दोनाने भागेना म्हणून तीन’ अशी ज्याची चढण होते, त्याच्याभोवती भाडोत्री खोलीतले दमलेले सोबती असतात.

सवय लागत नाही हा दावाही आता तसाच्या तसा घेता येत नाही. २००९ मध्ये नोरा वोल्को यांच्या गटाने दहा निरोगी पुरुषांच्या मेंदूचे स्कॅन काढले. मोडाफिनिलने डोपामिनचा निचरा रोखला आणि मेंदूच्या ज्या भागात व्यसनाची मुळं असतात तिथेही डोपामिन वाढवलं. कोकेन किंवा अँफेटामिनच्या तोडीचं हे नाही, नशेच्या बाजारात या गोळीला फारसा भावही नाही. पण ‘धोका शून्य’ म्हणण्याइतकी ती निरुपद्रवीही नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेणाऱ्यांना सहसा न कळणारी गोष्ट वेगळीच आहे. मोडाफिनिल यकृतातल्या काही एन्झाइम्सना चेव आणतं आणि काहींना लगाम घालतं. परिणामी माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, मोडाफिनिल थांबवल्यानंतर पुढे महिनाभरही. फिटच्या फेनिटॉइनची किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनची पातळी बदलते. आणि गर्भ राहिला तर? अमेरिकेतल्या गर्भवतींच्या नोंदवहीत ही गोळी घेतलेल्यांच्या बाळांत मोठ्या जन्मजात दोषांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आढळलं. एरवी ते ३ टक्क्यांच्या आसपास असतं. २०१९ पासून कॅनडा आणि युरोपने गरोदरपणात ही गोळी वर्ज्य केली. आता असेंब्ली लाइनवर मुलीही रात्रपाळीला असतात. गोळी गर्भनिरोधकालाही निकामी करते आणि गर्भालाही बाधू शकते, ही एकाच पट्टीतली दोन संकटं त्यांना कुणी एकत्र सांगत नाही.

मग गणिताचा भाग. मोडाफिनिलची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला सुमारे १५ तास लागतात. रात्री साडेनऊला घेतलेली २०० मिलिग्रॅमची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारी, जेव्हा थर्डवाला पत्र्याखाली कूस बदलत असतो, तेव्हाही निम्मीच्या आसपास शिल्लक असते. झाइस्लर यांच्या प्रयोगात दिवसाची झोप खोट्या गोळीच्या तुलनेत बिघडली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. पण तिथे वेळ ठरलेली होती, मात्रा ठरलेली होती. पाळीच्या मधल्या सुट्टीत, पहाटे दोन-तीनला घेतलेल्या गोळीला तो दाखला लागू होत नाही.

तुलनेला चहा-कॉफी घ्या. कॅफिनची मात्रा साधारण पाच तासांत निम्मी होते. अमेरिकी सैन्याच्या वॉल्टर रीड संस्थेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये जागवलेल्या लोकांवर मोडाफिनिलची तीन मापं आणि ६०० मिलिग्रॅम कॅफिन समोरासमोर लावलं. कॅफिनपेक्षा मोडाफिनिल सरस असल्याचं काही दिसलं नाही. रात्रपाळीवाल्यांसाठी कॅफिनवर २०१० मध्ये झालेल्या कॉक्रेन आढाव्यात १३ प्रयोग होते. चुका कमी झाल्याचं त्यांत दिसलं, मात्र प्रत्यक्ष इजा कमी होतात का हे एकाही प्रयोगाने मोजलं नव्हतं. ६०० मिलिग्रॅम ही रोज घ्यायची मात्रा नव्हे हे खरं. अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयच्या नियमानुसार एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत ७५. पाळी सुरू होताना एक आणि मध्यरात्रीच्या सुमारास एक घेतली, तर जागरणाला टेकू मिळतो. पहाटे चारनंतरची बाटली मात्र सकाळच्या झोपेतून वजा होते.

बुद्धी वाढवायच्या दाव्याला फार वेळ द्यावा असं त्यात काही नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतल्या पोरांनी एवढंच वाचावं: २०१५ च्या एका आढाव्यात निरोगी लोकांवरचे २४ अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा अवघड कामांत काही फायदा दिसला, पण २०२० च्या मोठ्या विश्लेषणात तो अगदीच किरकोळ निघाला. २०२३ मध्ये मेलबर्नच्या एलिझाबेथ बोमन आणि सहकाऱ्यांनी ४० जणांना एक कोडं घातलं: ठरावीक वजनाच्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू बसवायच्या. मोडाफिनिल किंवा तत्सम गोळी घेतल्यावर लोकांनी जास्त वेळ दिला, जास्त खटपट केली, आणि खटपटीचा दर्जा घसरला. गोळीविना जे सरासरीच्या वर होते त्यांतले बरेच गोळीवर सरासरीच्या खाली आले.

मोडाफिनिलच्या नावाखाली भलतीच पुडी हातात येण्याचा धोका आपल्या पट्ट्यात काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात २० किलो मेफेड्रोन पकडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यावर पुणे पोलिसांनी छापा घातला आणि त्या प्रकरणात शेकडो किलो मेफेड्रोन निघालं. ‘एमडी’ म्हणून विकलं जाणारं हे द्रव्यही झोप उडवतं, आणि २०१५ पासून ते एनडीपीएस कायद्याखाली आहे. त्याचा आणि मोडाफिनिलचा संबंध नाही. पण ‘झोप न येऊ देणारं काहीतरी’ म्हणून सोबत्याने दिलेली पट्टीबाहेरची वस्तू काय आहे, हे तपासायची सोय खोलीवर नसते.

आता पुन्हा झाइस्लर यांच्याकडे. गोळीचा प्रयोग करण्याच्या २३ वर्षं आधी, १९८२ मध्ये, याच माणसाने रात्रपाळीवर दुसरा इलाज करून दाखवला होता आणि त्यात औषधाचा कण नव्हता. अमेरिकेतल्या युटा राज्यात ऑग्डेन गावाजवळ ‘ग्रेट सॉल्ट लेक मिनरल्स’ हा खनिजांचा कारखाना. तिथल्या पाळ्या दर आठवड्याला बदलत आणि उलट्या दिशेने बदलत: थर्डवरून सेकंड, सेकंडवरून फर्स्ट. झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी व्यवस्थापनाला दोनच गोष्टी करायला लावल्या. पाळ्या सुलट्या फिरवा, फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा. आणि आठवड्याऐवजी २१ दिवसांनी फिरवा. कामगारांचं समाधान आणि तब्येत सुधारली, नोकरी सोडून जाणारे कमी झाले आणि उत्पादनही वाढलं. ‘सायन्स’ नियतकालिकात हे छापलं गेलं.

कारण शरीरात आहे. माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून थोडं मोठं चालतं. झाइस्लर यांनीच १९९९ मध्ये ते २४ तास ११ मिनिटांच्या आसपास मोजलं. त्यामुळे झोप उशिरा ढकलणं सोपं आणि अलीकडे ओढणं अवघड. सुलट्या पाळ्या या ओढीच्या दिशेने जातात. आपल्याकडे पाळ्यांचा चार्ट नोटीस बोर्डावर लागतो तेव्हा तो बहुधा माल कधी उचलायचा आहे आणि माणसं किती कमी आहेत यावर बेतलेला असतो. शिवाय दिवसातले कामाचे तासच वाढताहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. बारा तासांच्या रात्रीसाठी, तीही आठवड्यागणिक बदलणाऱ्या, कुठल्याही प्रयोगशाळेत गोळी तयार झालेली नाही. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ‘कॅन्सरला बहुधा कारणीभूत’ या गटात टाकलं आहे. तो धोका गोळीने कमी होतो असं कुणीही दाखवलेलं नाही. कारखान्याने वेळापत्रकात सोडवायचा प्रश्न कामगाराने स्वतःच्या रक्तात सोडवावा, हीच या गोळीची रात्रपाळीतली खरी भूमिका आहे, आणि म्हणून मी तिच्या बाजूने उभा राहू शकत नाही.

नार्कोलेप्सी असेल तर गोष्ट वेगळी. त्या रुग्णाने ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावी, लाजू नये. बाकीच्यांनी आधी झोप का येते ते शोधावं. जो मोठ्याने घोरतो, झोपेत ज्याचा श्वास अडकतो आणि आठ तास झोपूनही जो मशीनवर पेंगतो, त्याला स्लीप ॲप्नियाची तपासणी लागते. पगारातून ईएसआय कापली जात असेल तर चिंचवडच्या मोहननगरच्या रुग्णालयात जाऊन विचारण्याचा हक्क आहे, तो वापरावा. रात्रपाळीच्या सुट्टीत अर्धा तास आडवं होण्याची जागा मागावी. नासाने वैमानिकांना ४० मिनिटांची सवड दिली, ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि त्यांचं काम ३४ टक्क्यांनी सुधारलं. सुपरवायझरपुढे ठेवायला हा आकडा चांगला आहे.

आणि सर्वांत जास्त जपायची वेळ मशीनवरची नसून सुटल्यानंतरची. सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारख्या होतात, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात मोजलं गेलं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठून, दुपारी न झोपता, रात्री दहाच्या थर्डला गेलेला माणूस मध्यरात्रीच ही मर्यादा ओलांडतो, आणि सहाला सुटतो तेव्हा त्याच्या जागरणाला २३ तास झालेले असतात. समोर पुणे-नाशिक रस्ता असतो, ट्रेलर असतात. तेव्हा पहिल्या थर्डच्या दिवशी दुपारी दीड-दोन तास झोपून घ्या, आणि सुटताना डोळे मिटत असतील तर मोटारसायकल कंपनीच्या पार्किंगमध्येच राहू द्या, बसने घरी जा.